एक ओळ बदलली तर अख्खा प्रोजेक्ट का बिल्ड होतो?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक होत असेल तर इथेच कळेल. अँड्रॉइड ॲप, कोटलिन भाषा, बिल्ड करायला (कोडपासून चालणारं ॲप तयार करायला) ग्रेडल, आणि कोडचे १४० वेगळे भाग, म्हणजे मॉड्यूल्स. पूर्वी सगळा कोड एकाच मॉड्यूलमध्ये होता आणि बिल्ड वेगवान व्हावा म्हणूनच तुम्ही तो फोडला. आता एका स्क्रीनमधली एक ओळ बदलून रन दाबलं की ९ मिनिटं थांबावं लागतं. फोडायच्या आधी एवढा वेळ लागत नव्हता. वरिष्ठ म्हणतात नवे लॅपटॉप घेऊ, टीममधला एक जण म्हणतो ग्रेडल सोडून बेझल या दुसऱ्या बिल्ड साधनावर जाऊ, आणि कोणाचं ऐकायचं हे तुम्हाला ठरवायचंय.

सध्या तरी कोणाचंच ऐकू नका. दोघंही असं धरून चाललेत की एवढं काम करावं लागतंच, फक्त ते भराभर उरकायला हवं. मला शंका आहे ती त्या कामावरच. एका ओळीसाठी मशीनने ९ मिनिटं जे केलं, त्यातलं किती करायची गरज होती? माझ्या अनुभवात, मॉड्यूल्स पाडूनही बिल्ड वाढला अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त टास्क (बिल्डमधली एकेक छोटी कामं) विनाकारण चाललेले असतात. विनाकारण चालणारं काम दुप्पट वेगाने केलं तरी ते विनाकारणच.

तुमचा ग्राफ (कोण कोणावर अवलंबून आहे त्याचा नकाशा), तुमचे प्लगइन, तुमच्या मशीन मी पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं जसंच्या तसं तुम्हाला लागू पडेल असं नाही. सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट असता तर मी हेडर फाइल्स आणि लिंकरपासून सुरुवात केली असती. तिथे एक हेडर शेकडो फाइल्समध्ये ओढला जातो, आणि क्लँगचा टाइम ट्रेस बघितला की नेमका कोणता हेडर खातोय ते दिसतं. इथे ग्रेडल आहे असं धरून लिहितो. विचाराची दिशा मात्र दोन्हीकडे सारखीच.

पहिलं काम मोजण्याचं. 'बिल्डला ९ मिनिटं लागतात' हे वाक्य अपुरं आहे, कारण बिल्ड एक नसतो. सकाळी ब्रँच ओढल्यावरचा बिल्ड, दिवसभर एकेक ओळ बदलून होणारा बिल्ड आणि सीआय सर्व्हरवर (सगळ्यांचा कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या सर्व्हरवर) कोऱ्या मशीनवर होणारा बिल्ड, या तिघांची दुखणी वेगळी. दिवसाला चाळीस वेळा होतो तो मधला, त्यामुळे आधी त्याच्याकडे बघा. अनेक जण क्लीन करून, म्हणजे आधीचं तयार झालेलं सगळं पुसून, मोजतात आणि तो आकडा खाली आणायच्या मागे लागतात. क्लीन बिल्ड कोणी रोज करत नाही. रोज करावा लागत असेल, 'क्लीन केल्याशिवाय चालतच नाही' असं टीममध्ये म्हणत असतील, तर तो आणखी वेगळा बिघाड आहे आणि तो आधी काढा.

मी तीन आकडे घेतो. त्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत.

एक, ग्रेडलचा हेल्प टास्क चालवायचा. तो टास्क स्वतः काहीच करत नाही, चार ओळी छापतो. पण कोणताही टास्क चालवायच्या आधी ग्रेडल सगळ्या मॉड्यूल्सच्या बिल्ड स्क्रिप्ट वाचून टास्कचा ग्राफ रचतं. यालाच कॉन्फिगरेशनचा टप्पा म्हणतात. हेल्पला जेवढा वेळ लागला तेवढी फुकटची पट्टी तुम्ही प्रत्येक बिल्डला भरता. डेमन (ग्रेडलची मागे चालू राहणारी प्रोसेस) गरम झालेला असावा म्हणून दोनदा चालवा आणि दुसऱ्यांदाचा आकडा घ्या.

दोन, डीबग बिल्ड पूर्ण करायचा आणि काहीही न बदलता लगेच पुन्हा चालवायचा. फाइलला हात लावायचा नाही, ब्रँच बदलायची नाही. या दुसऱ्या फेरीत जवळपास प्रत्येक टास्क 'अप टू डेट' म्हणून सुटला पाहिजे. शेवटी ग्रेडल एक ओळ छापतं: इतके टास्क होते, इतके चालवले, इतके अप टू डेट. 'चालवले' हा आकडा शून्याच्या आसपास नसेल तर तुमचं पहिलं भोक सापडलं.

तीन, तुमची खरी तक्रार: एका फीचर मॉड्यूलमधल्या एका फंक्शनच्या पोटातली ओळ बदलून बिल्ड करायचा, आणि किती मॉड्यूल्सचा कोटलिन कंपाइल टास्क पुन्हा चालला ते मोजायचं. फंक्शनची सही (नाव, पॅरामीटर, परतीचा प्रकार) बदलायची नाही, आतली ओळ फक्त. अपेक्षित आकडा एक.

हे सगळं नंतर शिस्तीत करायचं असेल तर ग्रेडल प्रोफायलर नावाचं साधन आहे. एखाद्या फाइलची सही बदलणारा बदल आणि सही न बदलणारा बदल तो स्वतः करतो, आधी काही फेऱ्या फक्त तापवण्यासाठी पळवतो आणि मग मोजतो. सुधारणा खरंच झाली की तेव्हा मशीन फक्त मोकळं होतं, हे त्याशिवाय कळत नाही. पण पहिल्या दिवशी हाताने मोजलेलंही पुरतं.

आता दुसऱ्या आकड्याची एक गोष्ट सांगतो. मी पूर्वी ज्या टीममध्ये होतो तिथे काहीही न बदलता दुसऱ्यांदा बिल्ड केला तरी जवळपास सगळी मॉड्यूल्स पुन्हा कंपाइल व्हायची. आम्ही महिनोन्महिने ते नैसर्गिक समजत होतो; प्रोजेक्ट मोठा आहे, होणारच. एके दिवशी कंटाळून मी इन्फो पातळीचा लॉग चालू केला. ग्रेडल तिथे प्रत्येक टास्कसाठी 'हा अप टू डेट का नाही' याचं कारण छापतं. आमच्या सगळ्यात खालच्या 'बेस' मॉड्यूलच्या बिल्डकॉन्फिग (बिल्डची माहिती कोडला देणारा आपोआप तयार होणारा क्लास) तयार करणाऱ्या टास्कसमोर लिहिलं होतं की त्याच्या एका इनपुटची किंमत बदलली आहे. बिल्डकॉन्फिगमध्ये कोणीतरी, बहुधा क्रॅश रिपोर्टसाठी, 'बिल्ड कधी झाला' ही वेळ घातली होती. मिलिसेकंदांत.

आता साखळी बघा. वेळ प्रत्येक बिल्डला वेगळी, म्हणून बिल्डकॉन्फिग हा जावा क्लास प्रत्येक वेळी नवा. त्यातली किंमत स्टॅटिक फायनल कॉन्स्टंट. जावात असा कॉन्स्टंट वापरणाऱ्याच्या बायटकोडमध्ये (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) थेट चिकटवला जातो. म्हणून कॉन्स्टंट बदलला की त्या मॉड्यूलचा बाहेरून दिसणारा चेहरा बदलला असं ग्रेडलला मानावंच लागतं, आणि त्याच्यावर अवलंबून असणारं प्रत्येक मॉड्यूल पुन्हा कंपाइल होतं. बेस मॉड्यूलवर कोण अवलंबून? सगळे. म्हणजे ती वेळ वापरणारी एक फाइल होती, आणि ती वेळ बदलते म्हणून अख्खं ॲप रोज चाळीसदा कंपाइल होत होतं. उपाय दोन ओळींचा: डीबगमध्ये वेळेच्या जागी ठरलेला शून्य, आणि रिलीजमध्ये ती वेळ बेसमध्ये न ठेवता सगळ्यात वरच्या ॲप मॉड्यूलमध्ये. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढीच लाजही वाटली.

तुमच्याकडे वेळ नसेल, तर गिटचा कमिट हॅश असेल, बिल्ड नंबर असेल, किंवा मॅनिफेस्टमध्ये घातलेला व्हर्जन कोड असेल. नाव वेगळं, जात तीच. एक दिलासा असा की अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या ८.० आवृत्तीपासून बिल्डकॉन्फिग मुळातच बंद असतो, लागेल त्या मॉड्यूलने मागून घ्यायचा. जुन्या प्रोजेक्टमध्ये मात्र अपग्रेड करताना 'तुटायला नको' म्हणून कोणीतरी प्रॉपर्टीज फाइलमध्ये तो सगळ्यांसाठी परत चालू केलेला असतो. बघून घ्या.

आता तिसरा आकडा, जो तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. मॉड्यूल फोडण्याचा फायदा एकाच गोष्टीतून मिळतो: एका मॉड्यूलच्या आत बदल झाला आणि त्याचा बाहेरचा चेहरा, म्हणजे एबीआय, तसाच राहिला, तर शेजाऱ्यांना हात लावायची गरज नाही. ग्रेडल हे गेली कित्येक वर्षं करतं. २०१७ मध्ये ३.४ आवृत्तीत जावा लायब्ररी प्लगइन आलं आणि त्यासोबत 'एपीआय' आणि 'इम्प्लिमेंटेशन' असे डिपेंडन्सीचे (एका मॉड्यूलने दुसऱ्यावर अवलंबून असण्याचे) दोन प्रकार आले. इम्प्लिमेंटेशन म्हटलं की ती डिपेंडन्सी माझ्या पोटातली, माझ्या वापरकर्त्याला ती कंपाइल करताना दिसणार नाही. एपीआय म्हटलं की ती माझ्यामार्फत सगळ्यांना दिसणार.

मॉड्यूल्स फोडताना हमखास काय होतं? कोड हलवला, शेकडो इम्पोर्ट तुटले, लाल रेघा दिसायला लागल्या, आणि कोणीतरी इम्प्लिमेंटेशनच्या जागी एपीआय लिहिलं. लाल रेघा गेल्या. पुढच्या मॉड्यूलला तेच. शेवटी असं होतं की नेटवर्क मॉड्यूल बदललं की त्याचा चेहरा एपीआयच्या पायऱ्या चढत थेट सगळ्यात वरच्या स्क्रीनपर्यंत दिसतो. कागदावर १४० मॉड्यूल्स, कंपायलरच्या लेखी एकच ढीग, आणि वर १४० मॉड्यूल्सचा कारभार सांभाळायचा खर्च. म्हणूनच तुमचा बिल्ड फोडायच्या आधीपेक्षा हळू झाला, असा माझा अंदाज आहे. प्रोजेक्टमध्ये एपीआय हा शब्द किती वेळा येतो ते शोधा. मी तो प्रत्येक ठिकाणी इम्प्लिमेंटेशन करून बघतो आणि जिथे खरंच तुटतं तिथेच परत आणतो. नियम सोपा: त्या लायब्ररीचा एखादा प्रकार माझ्या पब्लिक फंक्शनच्या सहीत येत असेल तर एपीआय, नाहीतर नाही.

कोटलिनमध्ये दोन चकवे आहेत, ते सांगून ठेवतो. इनलाइन फंक्शनचं पोट हे त्याच्या चेहऱ्याचाच भाग असतं, कारण ते वापरणाऱ्याच्या कोडमध्ये उतरवलं जातं. कॉमन मॉड्यूलमधल्या एखाद्या लाडक्या इनलाइन एक्स्टेन्शनमध्ये लॉगची ओळ घातली की वापरणारे सगळे पुन्हा कंपाइल. दुसरा चकवा जास्त चोरटा: फंक्शनचा परतीचा प्रकार न लिहिता बरोबरीच्या चिन्हाने थेट एक्स्प्रेशन लिहिलं, तर प्रकार कंपायलर ठरवतो. तुम्ही आतली ओळ बदलली, ठरलेला प्रकार 'लिस्ट'वरून 'म्युटेबल लिस्ट' झाला, आणि सहीला हात न लावताही एबीआय बदलला. कोटलिन १.४ पासून एक्सप्लिसिट एपीआय मोड आहे. त्यात पब्लिक गोष्टींचे प्रकार आणि दृश्यता लिहावीच लागते. सगळीकडे लावायची गरज नाही, खालच्या पाच-सात मॉड्यूल्सना जरूर लावा. आणि तिथे जे पब्लिक असायची गरज नाही ते इंटर्नल करा. कोटलिनमध्ये काही न लिहिलं तर सगळं पब्लिक असतं, त्यामुळे चेहरा विनाकारण मोठा होतो.

आता ग्राफचा आकार. इथे जरा थांबून हिशोब करू, कारण नव्या लॅपटॉपचा प्रश्न इथेच सुटतो. समजा ४० मॉड्यूल्स पुन्हा कंपाइल करायची आहेत आणि प्रत्येकाला ६ सेकंद लागतात. ती एकामागे एक अशी साखळीत असतील, म्हणजे दुसऱ्याला पहिलं हवं, तिसऱ्याला दुसरं, तर २४० सेकंद लागतील. मशीनला ८ कोअर असोत की ३२, २४० च. आता तीच ४० मॉड्यूल्स अशी मांडा: खाली एक बेस, मध्ये एकमेकांशी संबंध नसलेली ३८, वर एक ॲप. ८ कोअरवर बेसचे ६, मधल्यांच्या पाच फेऱ्यांचे ३०, ॲपचे ६. झाले ४२ सेकंद. कोड तेवढाच, मशीन तेच.

हे काही नवं नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं की कामाचा जो भाग ओळीनेच करावा लागतो तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. एक चतुर्थांश काम ओळीत असेल तर कितीही कोअर ओता, चौपटीच्या पुढे जाता येत नाही. म्हणून आधी ग्राफची उंची मोजा. ग्रेडलचा बिल्ड स्कॅन काढलात तर त्याच्या टाइमलाइनवर दिसतं: सुरुवातीला सगळ्या पट्ट्या भरलेल्या, आणि मध्येच एक लांबच लांब पट्टी एकटी चाललीय, बाकीचे कोअर रिकामे बसलेत. ती एकटी पट्टी ज्या मॉड्यूलची, तो तुमचा गुन्हेगार. दहापैकी आठ वेळा त्याचं नाव 'कॉमन', 'कोअर' किंवा 'युटिल्स' असतं. (बाकी दोन वेळा 'शेअर्ड'.)

त्या कॉमनला फोडायचं, पण आडवं. तारखांचे हेल्पर, डिझाइनचे घटक, नेटवर्कचं मॉडेल, ॲनालिटिक्स, या गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही. त्या केवळ 'कुठेतरी ठेवायच्या' म्हणून एकत्र आल्या. वेगळ्या केल्या की प्रत्येक फीचर फक्त लागेल तेवढंच ओढतं. दुसरा मोठा डाव म्हणजे फीचर-ते-फीचर संबंध तोडायचे. पेमेंटच्या स्क्रीनला प्रोफाइलची स्क्रीन उघडायची असते म्हणून पेमेंट मॉड्यूल अख्ख्या प्रोफाइल मॉड्यूलवर अवलंबून राहतं. त्याऐवजी प्रोफाइलचे दोन भाग करा: एक छोटं करारनामा मॉड्यूल, ज्यात फक्त इंटरफेस आणि दोन-चार डेटा क्लास, आणि दुसरं खरं काम करणारं. पेमेंट करारावर अवलंबून राहील. खरं मॉड्यूल कोणतं आहे हे फक्त ॲप मॉड्यूलला माहीत असेल. प्रोफाइलच्या आत दिवसभर उलथापालथ केलीत तरी पेमेंटला त्याचा पत्ता लागत नाही.

मॉड्यूल्सची संख्या १४० वरून २५० करा असं मात्र मी म्हणत नाही. प्रत्येक अँड्रॉइड लायब्ररी मॉड्यूल स्वतःसोबत रिसोर्स एकत्र करणं, मॅनिफेस्ट तपासणं असे कितीतरी टास्क घेऊन येतं, आत तीनच फाइल्स असल्या तरी. ज्या मॉड्यूलला अँड्रॉइडचं काहीच लागत नाही, वर सांगितलेली करारनामा मॉड्यूल्स बहुतेक अशीच असतात, ते साधं कोटलिन मॉड्यूल करा. आणि दोन मॉड्यूल्स नेहमी एकत्रच बदलत असतील तर ती परत जोडायला लाजू नका. मी जोडलीत.

यानंतर वेळ खाणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी. पहिली कॅप्ट. ॲनोटेशनवरून कोड तयार करणाऱ्या जुन्या लायब्ऱ्या जावासाठी लिहिलेल्या, त्यांना कोटलिन कळत नाही. म्हणून कॅप्ट आधी तुमच्या सगळ्या कोटलिन फाइल्सचे जावातले सांगाडे बनवतो, मग त्यावर प्रोसेसर चालवतो, मग खरं कंपाइल होतं. केएसपी या कॅप्टच्या नव्या पर्यायाला ते सांगाडे लागत नाहीत. रूम, मोशी, डॅगर या तिघांनाही आता केएसपी चालतं. फक्त एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: एका मॉड्यूलमध्ये पाचपैकी चार लायब्ऱ्या केएसपीवर नेल्या आणि एक कॅप्टवर राहिली, तर सांगाडे बनवण्याचा खर्च तसाच राहतो, वर केएसपीचा वेगळा. म्हणून लायब्ररीमागून लायब्ररी बदलण्यापेक्षा मॉड्यूलमागून मॉड्यूल पूर्ण मोकळं करत जा. आणि कॅप्टचं प्लगइन ज्या मॉड्यूल्सना केवळ कॉपी-पेस्टने लागलंय तिथून आजच काढा. त्याला काही धोका नाही.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट आर क्लास, म्हणजे स्ट्रिंग, चित्रं अशा रिसोर्सना कोडमधून हाक मारायचा क्लास. जुन्या पद्धतीत प्रत्येक मॉड्यूलच्या आर क्लासमध्ये त्याच्या खालच्या सगळ्या मॉड्यूल्सचे रिसोर्स येतात. तळाच्या मॉड्यूलमध्ये एक स्ट्रिंग वाढवली की वरचे सगळे आर क्लास बदलले. नॉन ट्रान्झिटिव्ह आर क्लास चालू केला की प्रत्येकाकडे फक्त स्वतःचे रिसोर्स राहतात. प्लगइनच्या ८.० पासून तेच मूळ वर्तन आहे, आणि जुन्या कोडचं रूपांतर करून देणारा पर्याय अँड्रॉइड स्टुडिओच्या रिफॅक्टर मेनूत मिळतो. डिफ प्रचंड मोठा येतो, म्हणून बाकीच्यांचं काम कमी चालू असेल असा दिवस बघून करा.

डीबग बिल्डमध्ये काय काय चालतंय तेही एकदा तपासा. परफॉर्मन्स मोजणारे काही प्लगइन सगळ्या क्लासचा बायटकोड बदलतात, बाहेरच्या लायब्ऱ्यांचासुद्धा. डीबगमध्ये त्याची बहुधा कोणालाच गरज नसते.

कॉन्फिगरेशनच्या टप्प्याकडे येऊ, म्हणजे हेल्पचा आकडा. इथला नेहमीचा दोषी म्हणजे बिल्ड स्क्रिप्टमध्ये वरच्या वर केलेलं काम. समजा व्हर्जनसाठी प्रत्येक मॉड्यूलच्या स्क्रिप्टमधून गिटची कमांड चालते आणि तिला ५० मिलिसेकंद लागतात. १४० मॉड्यूल्स, ७ सेकंद, प्रत्येक बिल्डला. एकदाच काढा आणि सगळ्यांना द्या, किंवा डीबगमध्ये काढूच नका. तसंच स्क्रिप्टमध्ये टास्क 'क्रिएट'ने बनवले असतील तर 'रजिस्टर'ने बनवा, म्हणजे लागणार असतील तेव्हाच ते घडवले जातात. आणि लायब्ररीच्या व्हर्जनमध्ये अधिकचं चिन्ह टाकून 'जी नवी असेल ती' असं मागू नका. ग्रेडल तो निकाल २४ तास धरून ठेवतं, मग पुन्हा नेटवर्कवर विचारायला जातं. सकाळचा पहिला बिल्ड हळू का, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

खरा उपाय कॉन्फिगरेशन कॅशे. ती २०२३ मध्ये ग्रेडल ८.१ पासून स्थिर मानली गेली. रचलेला ग्राफ ती साठवून ठेवते आणि बिल्ड स्क्रिप्ट बदलली नसेल तर पुढच्या वेळी तो टप्पाच गाळते. शिवाय एकाच मॉड्यूलच्या आतले स्वतंत्र टास्कही मग समांतर चालू शकतात. चालू केल्यावर सुरुवातीला त्रुटींचा डोंगर दिसेल. घाबरू नका, रिपोर्ट उघडलात की कळतं, बहुतेक त्रुटी दोन-तीन प्लगइनच्याच असतात आणि त्यांची नवी आवृत्ती घेतली की निम्म्या जातात. उरलेल्या तुमच्याच घरच्या स्क्रिप्टच्या असतील.

समांतर बिल्ड आणि बिल्ड कॅशे (आधी झालेल्या टास्कच्या निकालांचा साठा) ही दोन कलमं प्रॉपर्टीज फाइलमध्ये चालू आहेत ना, हेही बघा. दोन्ही मुळात बंद असतात. हसू नका, पाच वर्षं जुन्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही बंद पाहिली आहेत मी.

आता लॅपटॉप. विरोध नाही, पण आधी मेमरीचा हिशोब करा. ग्रेडलच्या डेमनला काहीच सांगितलं नाही तर तो ५१२ एमबी हीपवर (मेमरीवर) चालतो. १४० मॉड्यूल्सना ते कधीच पुरणार नाही, आणि बिल्डचा मोठा वेळ गार्बेज कलेक्शनमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करण्यात) जाईल. म्हणून कोणीतरी ते ४ जीबी करतं. कोटलिन कंपायलरचा स्वतःचा वेगळा डेमन असतो आणि वेगळं सांगितलं नसेल तर तो ग्रेडलचेच आकडे उचलतो, म्हणजे आणखी ४. अँड्रॉइड स्टुडिओ ४, एम्युलेटर ३. झाले १५. मशीन १६ जीबीचं. ब्राउझर उघडला की डिस्कवर स्वॅपिंग सुरू. अशा वेळी मेमरी वाढवणं हा योग्य खर्च आहे आणि त्याचा फरक त्याच दिवशी दिसतो. जास्त कोअर घेणं मात्र ग्राफ बुटका झाल्यावरच.

त्याआधी एक फुकटची गोष्ट: टर्मिनलमध्ये ग्रेडलला स्टेटस विचारा, किती डेमन जिवंत आहेत ते सांगेल. स्टुडिओ स्वतःसोबत आलेला जेडीके (जावाचा साधनसंच) वापरतो आणि टर्मिनल वेगळा, असं असेल तर दोन डेमन उभे राहतात, दोघंही ४-४ जीबी धरून बसतात, आणि काम नसलं तरी मुळात तीन तास मरत नाहीत. दोन्हीकडे एकच जेडीके लावा. विंडोजवर असाल तर अँटिव्हायरस बिल्डच्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल तपासत असतो. सिक्युरिटीवाल्यांच्या परवानगीने ते फोल्डर वगळून घ्या. परवानगीशिवाय नको.

यानंतर रिमोट कॅशे. सीआयने कंपाइल केलेलं सगळ्यांनी वापरायचं, ही कल्पना उत्तम आहे आणि सकाळी ब्रँच ओढल्यावरच्या बिल्डला तिचा फायदा सगळ्यात जास्त. पण मी ती मुद्दाम शेवटी ठेवतो. इनपुट जुळले तरच कॅशे लागते, आणि इनपुटमध्ये मिलिसेकंद असतील तर ती जन्मात लागणार नाही. जेडीकेची आवृत्ती सीआयवर वेगळी, विंडोजवर फाइल्सच्या ओळींचा शेवट वेगळा, एखाद्या टास्कच्या इनपुटमध्ये कोणाच्या तरी होम फोल्डरचा पूर्ण पत्ता. यातल्या कशानेही कॅशेमधली ओळखखूण (की) बदलते. चाचणी सोपी: एकाच मशीनवर दोन वेगळ्या फोल्डरमध्ये एकच कमिट क्लोन करा, लोकल कॅशे चालू ठेवून पहिल्यात बिल्ड करा, मग दुसऱ्यात. दुसऱ्यात जे टास्क कॅशेतून आले नाहीत ते रिमोट कॅशेतूनही येणार नाहीत. ही यादी साफ झाल्यावरच सर्व्हर उभा करा. लिहायचा अधिकार फक्त सीआयला द्या. डेव्हलपरच्या मशीनने फक्त वाचावं, नाहीतर एकाच्या बिघडलेल्या मशीनचा प्रसाद सगळ्यांना मिळतो.

आणि बेझल. गुगलने आपल्या आतल्या बिल्ड यंत्रणेतून ते २०१५ मध्ये मुक्त केलं, आणि त्याची शिस्त मला मनापासून आवडते. प्रत्येक टास्कने आपले इनपुट जाहीर करायचे, जाहीर न केलेलं त्याला दिसणारच नाही, त्यामुळे कॅशेवर डोळे मिटून भरवसा ठेवता येतो आणि काम अनेक मशीनवर वाटता येतं. पण ते सांभाळायला कायमची माणसं लागतात. अँड्रॉइडचं प्रत्येक नवं प्लगइन आधी ग्रेडलसाठी येतं, ते तुम्हाला स्वतः बसवावं लागतं, आणि स्टुडिओशी जुळवून घेण्यात वेळ जातो. मुख्य म्हणजे, तुमचं कॉमन मॉड्यूल बेझलमध्येही तेवढंच जाड असेल, आणि बेसमध्ये बदलती वेळ घातलीत तर बेझलसुद्धा इमानाने सगळं पुन्हा कंपाइल करेल. ग्राफ नीट केल्यावर, कॅशे लागायला लागल्यावर, आणि तरीही सीआयची रांग आवरेनाशी झाली तर बेझलचा विचार करा. तेव्हा स्थलांतरही सोपं जाईल, कारण मॉड्यूल्सच्या सीमा तोवर खऱ्या झालेल्या असतील.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले दोन दिवस फक्त वरचे तीन आकडे आणि इन्फो लॉगमधली कारणं एका कागदावर लिहिली असती. त्या आठवड्यात बदलणारे इनपुट आणि फालतू कॅप्ट काढले असते, समांतर आणि कॅशे चालू केली असती. पुढचा महिना एपीआयचे शब्द आणि कॉन्फिगरेशन कॅशे. कॉमन फोडायचं काम त्यानंतर, फीचरच्या कामासोबत थोडं थोडं. ते एका दमात करायला गेलं की मर्ज कॉन्फ्लिक्टमध्येच टीम बुडते. आणि सीआयवर एक छोटी तपासणी आत्तापासूनच लावली असती: काही न बदलता दुसऱ्यांदा बिल्ड केल्यावर चाललेल्या टास्कची संख्या ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर बिल्ड लाल. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी पुन्हा मिलिसेकंद घालतंच.

दुसऱ्या फेरीत किती टास्क चालले तो आकडा आणि त्यातल्या पहिल्या पाच टास्कसमोर लॉगने छापलेली कारणं इथे टाका. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.